महेश्वरातील लक्ष्मीपूजन

सणासुदीला माणसाने आपल्या घरी असावे, हा संकेत आपल्याकडे इतका दृढ आहे की ऐन दिवाळीत एकट्याने प्रवासाला निघालेल्या गृहस्थाकडे लोक काहीशा करुणेने पाहतात; आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, इंदुरापासून नव्वदएक किलोमीटरांवर नर्मदेच्या उत्तर तीरी वसलेल्या महेश्वराच्या घाटावर मी जाऊन बसलो, तेव्हा माझ्याही मनात तीच भावना होती.

एरवी गल्लीगल्लीतून ऐकू येणारी हातमागांची खटखट त्या दिवशी बंद होती. ज्या नक्षीची प्रतिबिंबे महेश्वरी लुगड्यांच्या काठांवर उतरली, ती किल्ल्याच्या दगडांतली वेलबुट्टी मी सावकाश, बोट फिरवून पाहिली.

या गावातूनच अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत होळकरांच्या दौलतीचा कारभार पाहिला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती, पुढे सासरे मल्हारराव आणि वर्षभरातच पुत्र मालेराव, असे एकेक आधार गमावलेल्या या बाईंनी खासगीच्या उत्पन्नातून काशी-गयेपासून सोमनाथापर्यंत जी मंदिरे, घाट नि धर्मशाळा उभारल्या, त्यांचे वर्णन आपण दानधर्म म्हणून करतो. परंतु मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. धर्मशाळा बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपले आप्तेष्ट नसतात. कोणी अनोळखी, वाट चालून थकलेला, त्या गावात ज्याचे कोणीही नाही असा मनुष्य असतो. एकट्याने येणाऱ्याचा बंदोबस्त येथे दोन शतकांपूर्वीच झालेला होता.

शेजारच्या पायरीवर एक वृद्ध परिक्रमावासी बसले होते. नर्मदा उजव्या हाताला ठेवून तिची प्रदक्षिणा करणारे हे लोक चातुर्मासात चालणे थांबवतात आणि प्रबोधिनी एकादशीनंतर पुन्हा वाटेला लागतात. त्यामुळे त्यांची दिवाळी नेहमी परक्या गावीच होते. ‘नर्मदे हर’ एवढेच म्हणून त्यांनी आपल्या पंच्याच्या गाठीतल्या पुऱ्यांपैकी दोन माझ्या हातावर ठेवल्या.

अंधार पडला. अमावस्येमुळे पलीकडचा तीर दिसेनासा झाला आणि प्रवाहातल्या बाणेश्वराच्या देवळाची केवळ आकृती उरली. बायका पानांच्या द्रोणांत कणकेचे दिवे लावून पाण्यात सोडू लागल्या. त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी मला रिकाम्या हातांनी बसलेला पाहून एक द्रोण पुढे केला आणि घरी कितीजण आहेत, असे विचारले. मी ‘चार’ म्हणालो. त्यांनी कनवटीची कापसाची पुरचुंडी सोडली, तळहातावर चार वाती वळल्या, आधीच्या वातीभोवती त्या एकेक करून मांडल्या, आणि वाऱ्याला पाठ देऊन, पदराचा आडोसा धरून त्या पेटवू लागल्या.