कुलपाचे गुपित

आमच्या इमारतीच्या दाराला कार्डाचे कुलूप बसले, तेव्हा बसवणाऱ्याला मी विचारले, "यात चिप कोणती?" तो म्हणाला, "ते गुप्त असतं काका, सुरक्षेसाठी." मी अभियंता नाही, पण त्या उत्तराने मला या विषयाच्या मागे लावले.

कार्डात बॅटरी नसते. दाराजवळचे यंत्र १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडते, कार्डातली तारेची गुंडाळी त्यातूनच वीज घेते आणि चिप जागी होते. मग दोघे एकमेकांना एकेक आकडा पाठवून समोरच्याजवळ योग्य किल्ली आहे का, हे पडताळतात. आकडा दर वेळी नवा हवा, नाहीतर चोरून ऐकणाऱ्याचे फावते.

फिलिप्सच्या 'मायफेअर क्लासिक' चिपवर लंडनचे ऑयस्टर आणि नेदरलँड्सचे ओव्ही-चिपकार्ट ही प्रवासकार्डे उभी राहिली. तिची किल्ली ४८ बिटांची, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी शक्यतांतली एक. 'क्रिप्टो-१' ही सांकेतिक रीत मात्र कंपनीने गुप्त ठेवली होती.

डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी ते गुपित कसे उकलले ते सांगितले. चिपचे थर घासून काढत सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घ्यायची आणि त्यांवरून मंडल वाचायचे! चिपचा 'नवा' आकडा जेमतेम १६ बिटांचा निघाला. शिवाय तो वीज मिळाल्यापासून किती वेळ गेला यावर ठरे. वेळ साधली की तोच आकडा पुन्हा मिळे.

२००८ मध्ये नायमेखेनच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी पूर्ण रीत उलगडली. फिलिप्सच्या चिप-व्यवसायातून निघालेली एनएक्सपी कंपनी तो निबंध रोखायला न्यायालयात गेली. जुलैमध्ये आर्नहेमच्या न्यायालयाने नकार दिला: नुकसान होते ते सदोष चिप विकल्याने, दोष प्रसिद्ध केल्याने नव्हे.

जन्माने डच असलेल्या ऑग्युस्त केरखॉफ्स यांनी १८८३ सालीच लिहून ठेवले होते, की सांकेतिक यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती किल्ली. कुलपाची घडण नव्हे.

लंडनने पुढे नवी कार्डे अधिक भक्कम चिपवर काढली. जुन्या चिपची कार्डे मात्र अजून अनेक दारे उघडतात. म्हणून वाचकहो, चिप कोणती हे जरूर विचारा. "गुप्त आहे" असे उत्तर आले, तर निर्धास्त होऊ नका, पुन्हा विचारा.