लिलावाआधीचे साठ दिवस

चंद्रपुरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांतल्या जाहीर सूचना असतात. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, थकीत रक्कम पैशांसकट, आणि खाली मालमत्तेचं वर्णन: मौजा, भूमापन क्रमांक, प्लॉट क्रमांक, बांधकाम, चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचा प्लॉट. ज्या गल्लीत ते घर असतं तिथल्या लोकांना चतुःसीमेपर्यंत जावं लागत नाही, नावावरच कळतं. माणसाने वर्षभर सोयऱ्याधायऱ्यांपासून लपवलेली गोष्ट एका सकाळी पानठेल्यावर सगळ्यांच्या हातात असते.

मूल्यांकनकार, वसुली अधिकारी आणि घरांचे दलाल यांच्यासोबत मी बाबूपेठ, दुर्गापूर, घुग्गुस, भद्रावती या भागांत बराच फिरलो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. घराची किंमत पहिल्यांदा घसरते ती घरमालक गप्प बसतो तेव्हा. बाजार, बँक, लिलाव हे सगळं त्यानंतरचं.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादित, होतं. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली नोटीस काढते आणि कर्जदाराला ६० दिवस देते. यासाठी बँकेला कोर्टात जावं लागत नाही. नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि ती आली की १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. हे साठ दिवस घरवाल्यांच्या हातातले सगळ्यात मोलाचे दिवस, आणि मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ते तसेच निघून गेले. बाबूपेठेत एका निवृत्त खाण कामगाराने टीव्हीच्या मागे खोचलेला लिफाफा काढून माझ्यासमोर धरला. मुलाच्या धंद्यासाठी घर तारण ठेवलेलं होतं. “भाऊ, वाचून पाहा बरं, कायचं हाये? इंग्रजीत हाये. हप्त्याचंच अशीन म्हून ठेवून देलं.” मुदत संपायला आठवडा उरला होता. घरात त्या लिफाफ्याबद्दल कोणाला ठाऊक नव्हतं. सुनेला तर कर्जाचा आकडाही माहीत नव्हता. मी मजकूर मराठीत सांगत गेलो तेव्हा त्यांनी आधी उठून बाहेरचं दार लोटून घेतलं.

त्या दार लोटण्याला मी नावं ठेवणार नाही. लहान गावात घर ही पत असते. मुलीचं लग्न, दुकानातली उधारी, पतसंस्थेतला जामीन, सगळं त्यावरच चालतं. घर विकायला काढलंय हे कळलं तर उरलेलीही उधारी बंद होईल ही भीती खरी असते. पण याच भीतीपायी जो सौदा घरवाला स्वतः करू शकला असता, तो नंतर बँक करते.

इथे हप्ते का थकतात हे समजायला २०१५ च्या मार्च-एप्रिलकडे पाहावं लागतं. २४ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने २०४ कोळसा खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं. चालू खाणींना ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत मिळाली. भद्रावतीजवळची बरांजची खाण कर्नाटकच्या वीज कंपनीसाठी कोळसा काढत होती, तीही त्या तारखेला थांबली. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिल २०१५ ला, चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदी योग्य की अयोग्य हा वाद इथे नको. ज्या घरांचे हप्ते परमिट रूमच्या गल्ल्यातून, तिथल्या वेटरच्या पगारातून किंवा खाणीच्या टिप्परवरून निघत होते, त्या घरांचं उत्पन्न मात्र एकाच आठवड्यात थांबलं. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासूनच होती, तिथे हा धक्का बसायचा प्रश्न नव्हता. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. मधल्या काळात, २०२० साली, हप्त्यांना मार्च ते ऑगस्ट सवलत मिळाली. पण त्या सहा महिन्यांत व्याज चालूच राहिलं आणि कित्येकांना ते पुढच्या विवरणात पहिल्यांदा दिसलं.

खाणीतल्या पक्क्या पगाराची पावती इथे कर्ज मिळवून देते, आणि तीच घराचं गिऱ्हाईकही ठरवते. वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीचा पक्का कामगार, औष्णिक केंद्राचा कर्मचारी, गडचांदूरकडचा सिमेंट कारखान्यातला माणूस, शिक्षक: घर घेणारे म्हणजे मुख्यतः हेच. ठेकेदाराकडचा माणूस तेच काम करतो, पण त्याचा ठेका संपला की हप्ताही अडकतो. म्हणून एखादी खाण आटोपली की त्या भागात विकणारे वाढतात आणि घेणारे नेमके त्याच वेळी कमी होतात. अमेरिकेत २००८ च्या आसपास गल्ल्याच्या गल्ल्या बँकांच्या ताब्यात गेल्या आणि शेजारची बिनकर्जाची घरंही स्वस्त झाली. चंद्रपुरात तशा रांगा लागत नाहीत. इथे गल्लीत एखादं घर जातं, आणि बाकीचे लोक ‘थोडं थांबून पाहू’ म्हणत घर घ्यायचं पुढे ढकलतात. मंदी इथे अशी येते.

मूल्यांकनकाराचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. घुग्गुस रस्त्यावरच्या एका घरात मी एका मूल्यांकनकारांच्या मागे मागे फिरलो. टेपने खोल्या मोजणं लवकर आटोपलं. मग ते मागच्या भिंतीपाशी थांबले, किल्लीच्या टोकाने गिलावा ठोकत गेले आणि आवाज पोकळ आला तिथे खडूने खूण केली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर गेली होती. तिच्यावर सिमेंट भरलेलं होतं आणि त्या सिमेंटलाही पुन्हा भेग पडली होती. “सेटलमेंट की ब्लास्टिंग?” मी विचारलं. ते म्हणाले, “अहवालात मी भेग लिहितो. कारण लिहायला पुरावा लागतो.” गच्चीवर कोळशाची काळी भुकटी पन्हळीच्या तोंडाशी साचून घट्ट झाली होती; पाणी तिथे अडून स्लॅबमध्ये मुरत होतं. तेही त्यांनी टिपलं. शेवटी त्यांनी तीन आकडे लिहिले: बाजारमूल्य, वसूल होण्याजोगं मूल्य, आणि घाईच्या विक्रीचं मूल्य. एकाच घराचे, एकाच दिवशीचे तीन आकडे. लिलावाची राखीव किंमत पुढे या आकड्यांवरून ठरते.

घुग्गुसचं नाव निघालं की गिऱ्हाईक आधी २०२२ ची गोष्ट काढतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीच्या पोटात गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. माणसं वेळीच बाहेर पडल्यामुळे वाचली. त्या एका खड्ड्याने आसपासच्या किती सौद्यांची बोलणी मोडली असतील हे कुठल्याच अहवालात येत नाही. दलालांच्या बोलण्यात मात्र रोज येतं.

भिंतीइतकाच कागदही ठोकून पाहावा लागतो. नझूलचा पट्टा, अकृषक न झालेल्या शेतातला ले-आऊट, आणि आमच्या भागाचं खास दुखणं म्हणजे झुडपी जंगल. विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत झुडपी जंगल म्हणून लिहिलेली जमीन आहे, आणि तिच्यावर घरं, शाळा, दवाखाने उभे आहेत. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच असल्याचं सांगितलं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेली वाटपं टिकवण्याचा मार्गही त्याच निकालात दाखवला आहे. पण लिलावातलं घर घेणारा माणूस निकाल वाचत बसत नाही. सात-बाऱ्यावर तो शब्द दिसला की तो उठून जातो.

गडचिरोलीत चित्र आणखी वेगळं. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागत नाही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यामुळे धानोरा, एटापल्लीकडे घरावर ‘ताबा नोटीस’ चिकटलेली सहसा दिसत नाही. तिथल्या माणसाला गृहकर्जच मुळात कमी मिळतं. तो पतसंस्थेकडे नाहीतर सावकाराकडे जातो आणि ते देणं वर्तमानपत्रात छापून येत नाही. नोटिसा दिसतात त्या गडचिरोली शहरात आणि देसाईगंजात, जिथे नोकरदारांची वस्ती आहे.

साठ दिवस संपले की प्रतीकात्मक ताबा: दारावर नोटीस चिकटवायची, सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. घरवाले आतच राहतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बहुतेकदा कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घेतला जातो. दुर्गापूरकडच्या अशा एका ताब्याच्या वेळी मी हजर होतो. महसूलचे अधिकारी, महिला पोलीस, बँकेचा माणूस, दोन पंच. कोणी आवाज चढवला नाही. पंचनामा लिहिणारा कारकून खोलीखोलीतून फिरत होता: लोखंडी पलंग एक, गॅस शेगडी एक, प्लास्टिकच्या खुर्च्या चार. कूलरपाशी काम अडलं. तो खिडकीतच बसवलेला होता, गज कापून. काढला तर खिडकीला भगदाड पडणार, ठेवला तर चंद्रपूरच्या मे महिन्यात हे कुटुंब भाड्याच्या खोलीत कूलरशिवाय राहणार. तो घराचा भाग की घरातलं सामान, यावर बरीच चर्चा झाली. अखेर बँकेच्या माणसानेच तोडगा काढला. मोटार, पंख्याचं पातं आणि पाण्याचा पंप काढून मुलाच्या हवाली केले, पत्र्याची पेटी खिडकीत राहू दिली आणि पंचनाम्यात तसं लिहिलं. मग शाळेचे दाखले, औषधं, आधार कार्डं काढून घेतली का, हे त्याने तीनदा विचारलं. कुलूप लागलं, लाखेचं सील लागलं.

पुढचा लिलाव बहुतेकदा रिकामा जातो. कारणं सरळ आहेत. बोली लागली तर इसाऱ्याच्या रकमेसह २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे आणि उरलेले साधारण १५ दिवसांत. शिक्षकाचं किंवा खाण कामगाराचं गृहकर्ज इतक्या लवकर मंजूर होत नाही. म्हणजे घराचं खरं गिऱ्हाईक पहिल्याच अटीवर बाद होतं, आणि रोकड हाताशी असलेले मोजके लोक तेवढे उरतात. त्यांना माहीत असतं की बोली आली नाही तर राखीव किंमत खाली येईल, म्हणून ते वाट पाहतात. विक्री ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर असते. थकलेलं वीजबिलही नव्या मालकाकडे मागता येतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आहे. आणि शेजारी तर बोली लावतच नाहीत. एका बाईंनी मला सांगितलं, “त्याईच्या घरी आमची पोरं जेवलीत. ते घर आमी कसं घ्यावं?” लिलावातून देण्यापेक्षा जास्त आलं तर शिल्लक कर्जदाराची असते. कमी आलं तर उरलेलं देणं त्याच्या डोक्यावर राहतं, आणि घर गेलेलं असतं.

आणखी एक तारीख लोकांना ठाऊक नसते. पूर्वी विक्री होईपर्यंत पूर्ण पैसे भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना छापून येईपर्यंतच ती मुभा आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. पेपरातल्या लिलावाच्या सूचनेत नाव आल्यावर भावाकडे, मेव्हण्याकडे धाव घेणारे त्यामुळे उशिरा पोचलेले असतात.

तुकूममधल्या एका कुटुंबाने वेगळं केलं. नोटीस आल्याबरोबर घरातल्या बाईने नवऱ्याचं न ऐकता आपल्या भावाला सांगितलं, भावाने पानठेल्यावर, आणि पंधरवड्यात गडचांदूरहून निवृत्त होणारं एक जोडपं घर पाहून गेलं. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, म्हणून दोघं कुटुंबप्रमुख मिळूनच शाखेत गेले. बँकेने देणं लिहून दिलं, दंडव्याजात थोडी सूटही दिली. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन धनाकर्ष आले: एक बँकेच्या नावाचा, दुसरा त्या बाईच्या आणि नवऱ्याच्या संयुक्त खात्याचा. दुसऱ्यातून पतसंस्थेचं देणं फिटलं, मुलीची कॉलेजची फी गेली, आणि उरलेल्यातून दाताळा रस्त्याला दोन खोल्यांची अनामत भरली. आता वडगावकडे छोटा प्लॉट पाहताहेत. आखीव पत्रिका आधी, सौदा नंतर, असं त्या बाईने दलालाला सांगून ठेवलं आहे.