मेघसेवा खात्याच्या मर्यादांचा शोध : अ‍ॅन्सिबलमधील लुकअप प्लगइन

मेघसंगणनात सेवा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेचे एक खाते असते व त्या खात्याला पुरवठादाराने काही मर्यादा आखून दिलेल्या असतात. किती स्थिर आयपी पत्ते घेता येतील, मूळ जाळे कोणते, ही माहिती अनेकदा आज्ञावलीत हाताने लिहिली जाते. खाते किंवा क्षेत्र बदलले की ती चुकीची ठरते. प्रस्तुत लेखात या अडचणीवरील एका उपायाचे, अ‍ॅन्सिबल प्रणालीतील 'एडब्ल्यूएस अकाउंट अ‍ॅट्रिब्यूट' या लुकअप प्लगइनचे, स्वरूप मांडले आहे.

मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल विकसित केले. २०१५ मध्ये रेड हॅटने ती कंपनी घेतली. यातील कामांची यादी 'प्लेबुक' या नावाने ओळखली जाते. लुकअप प्लगइन बाहेरील माहिती आणून प्लेबुकातील चलात भरते. येथे एक बाब नवशिक्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. लुकअप हे दूरच्या सर्व्हरवर नव्हे, तर जेथून प्लेबुक चालविले जाते त्या नियंत्रक संगणकावर चालते. म्हणून बोटो३ हे पायथॉन ग्रंथालय व खात्याच्या गुप्त किल्ल्या तेथेच असणे आवश्यक असते. खात्याला केवळ वाचनाचा, म्हणजे गुणधर्म पाहण्याचा, अधिकार पुरतो.

गुणधर्माचे नाव दिल्यास तेवढेच मूल्य मिळते. न दिल्यास सर्व गुणधर्म एकत्र मिळतात. उत्तर क्षेत्रानुसार बदलते. २०१६ मध्ये सुरू झालेले मुंबई क्षेत्र व २०२२ मधील हैदराबाद क्षेत्र यांतील मूळ जाळ्यांचे क्रमांक भिन्न असतात, म्हणून क्षेत्राचा स्पष्ट उल्लेख करणे इष्ट. मूळ जाळे काढून टाकलेले असेल तर उत्तर रिकामे येत नाही, 'नन' हा शब्द येतो. केवळ रिकामेपणा तपासणारी अट अशा वेळी फसते आणि पुढील कामे अस्तित्वात नसलेल्या जाळ्यावर जाऊन आदळतात.

याहून गंभीर प्रश्न मूल्यांच्या विश्वसनीयतेचा आहे. 'मॅक्स-इन्स्टन्सेस' हा गुणधर्म यादीत आजही दिसतो. मात्र २०१९ पासून अ‍ॅमेझॉनने मागणीनुसार चालणाऱ्या यंत्रांची मर्यादा व्हीसीपीयूच्या संख्येवर मोजण्यास आरंभ केला, तेव्हापासून त्या आकड्याचा प्रत्यक्ष मर्यादेशी संबंध राहिलेला नाही. 'ईसी२-क्लासिक' आहे किंवा नाही हे विचारण्याची सोयही अशीच कालबाह्य म्हणावी लागते, कारण ती जुनी जाळेव्यवस्था २०२३ मध्ये पूर्णतः बंद झाली. प्लगइनने उत्तर दिले म्हणजे ते खरे, ही समजूत येथे धोक्याची ठरते. यंत्रांची खरी मर्यादा 'सर्व्हिस कोटाज' या स्वतंत्र सेवेतूनच पाहावी.

वेळेचाही प्रश्न आहे. चलाच्या व्याख्येत लुकअप लिहिल्यास ते चल जितक्या वेळा वापरले जाईल तितक्या वेळा पुरवठादाराकडे विचारणा होते. पन्नास सर्व्हरांच्या प्लेबुकात हा भार जाणवू लागतो. 'सेट फॅक्ट' वापरून मूल्य एकदाच साठविल्यास तो टळतो. त्रुटी आली असता ती दुर्लक्षिण्याचा पर्याय लुकअपमध्ये आहे. परंतु मर्यादा तपासण्याच्या कामी तो वापरल्यास तपासणी न होताच काम पुढे सरकते.