नाशिकला वाइन चाखायला जाताय? तोडणीच्या दिवसांत जा!

मंडळी, वायनरी बघायची तर जानेवारी ते मार्च. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस ओसरल्यावर गोडी छाटणी. पीक मात्र एकच, थंडीच्या अखेरीस. तोडणी चालू असताना गेलात तर द्राक्षाची वाइन होताना प्रत्यक्ष बघता येते.

राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली सुला सगळ्यांना ठाऊक आहे. शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते, त्यामुळे मधल्या वारी जा. जवळच यॉर्क आहे, आटोपशीर. समोर गंगापूर धरणाचं पाणी.

बागेत विचारून एक मणी तोंडात टाका. खायच्या थॉमसनपेक्षा लहान, साल जाड, आत बिया. शिराझचा काळा मणी चिमटीत दाबलात तर रस जवळजवळ बिनरंगी निघतो! लाली सगळी सालीत. म्हणून रेड वाइन सालींसकट आंबवतात, व्हाइटसाठी रस आधीच पिळून वेगळा काढतात.

चाखताना शेनिन ब्लांपासून सुरुवात, शिराझ शेवटी. उलट केलंत तर हलक्या वाइनची चवच लागत नाही. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका. गाडी चालवणाऱ्याने मात्र चाखूच नये.

आणि हो, गोडसर शेनिनबरोबर नाशिकची झणझणीत मिसळ. जाणकार नाकं मुरडतील, मुरडू देत.