डब्याची मागची बाजू

‘फॅट बर्नर’चा डबा कोणी तपासायला आणला की मी आधी तो उलटा फिरवते. ज्वाळा, पोटाचे सहा कप्पे, ‘ॲडव्हान्स्ड फॉर्म्युला’ हे सगळं पुढे. हिशेब मागे, बारीक अक्षरांत.

पहिली नजर ‘सर्व्हिंग’वर. छापलेला आकडा एका कॅप्सूलचा की दोन-तीन कॅप्सूलांचा, हे ठरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मग अर्काचे टक्के. ‘ग्रीन टी अर्क ५०० मिलिग्रॅम’ एवढ्यावरून काही कळत नाही. त्यात ईजीसीजी ४५ टक्के असेल, तर कामाचं द्रव्य २२५ मिलिग्रॅम. दोन कॅप्सूल, दिवसातून दोनदा घेतल्या की झाले ९००. दिवसाला ८०० किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गोळ्यांतून पोटात गेलं, तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं आहे. तरी ‘ग्रीन टीच तर आहे’ असं मला हमखास ऐकवलं जातं!

खरी गंमत गार्सिनियाची. हे आपल्या कोकमाचं केरळातलं भावंड. तिकडे माशाच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात. त्यातलं हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल चरबी रोखतं, असा दावा. अमेरिकेत १३५ जाड माणसांवर याची १२ आठवडे चाचणी झाली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल, दुसऱ्याला नकली गोळी, आणि जेवण दोघांचंही कमी उष्मांकाचं. वजन दोघांचंही उतरलं. नकली गोळीवाल्यांचं थोडं जास्तच, पण तो फरक धरण्याजोगा नव्हता. उतरवलं ते जेवणाने. आता डबा बघा: ५०० मिलिग्रॅम अर्क, ६० टक्के आम्ल, म्हणजे ३००. जो डोस चाचणीत नापास झाला, तो गाठायलाही पाच कॅप्सूल लागतील.

ग्लुकोमॅनन हा त्यातल्या त्यात सरळ घटक. पाण्यात फुगणारा तंतू. तोही एक-एक ग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणाआधी ग्लास-दोन ग्लास पाण्याबरोबर, आणि आहार कमी असेल तरच. डब्यात तो १०० मिलिग्रॅम दिसला, की समजावं, आमटीला हिंग दाखवलाय.

थोडाफार परिणाम जाणवतो तो कॅफिनचा. म्हणून त्याची बेरीज नीट करते. ग्वाराना, ग्रीन कॉफी अर्क या वेगळ्या ओळी दिसल्या तरी कॅफिन त्यांतही असतं. निरोगी प्रौढाला दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण त्यात घरचा चहा-कॉफीही धरायची. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर मी बेरीज करतच बसत नाही, नको म्हणून सांगते.

‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून दहा नावांपुढे एकच आकडा छापलेला असेल, तर तपासण्यासारखं काही उरत नाही. आणि ‘शंभर टक्के हर्बल’ गोळीने दोन दिवसांत भूकच मेली, तर मला आनंद होत नाही, संशय येतो. २०११ पासून भारतात बंदी असलेलं सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध अशा गोळ्यांत न सांगता मिसळलेलं वारंवार सापडलं आहे.

प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅम वेगळे छापलेले नसतील, तर डबा दुकानातच ठेवा. आधीच घेत असाल आणि लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना डबा बरोबर न्या.