ट्रिम मारण्याआधीची रेघ

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतला आमचा कॅडचा, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचा, क्लास या जूनमध्ये बंद झाला. त्याचं फार दुःख नाही. मोबाइलवर सगळं फुकट शिकायला मिळत असताना फी भरून कोण येणार? झोंबलं ते शेवटच्या बॅचमधल्या एका हुशार पोराचं बोलणं. त्याला पडद्यावर दोन पाइपांचा सांधा जमत नव्हता, जास्तीचा भाग छाटला जात नव्हता. "सर, ट्रिमच होऊन नाही राहिलं," म्हणाला. मी म्हटलं, दोन्ही पाइप कुठे छेदतात ते आधी कागदावर काढून दाखव. तर म्हणे, "ते आपल्याले कशाले पाहिजे? सॉफ्टवेअर काढते ना!"

कॅडच्या विद्येची सुरुवातीची वर्षं चटकन उरकण्यासारखी आहेत. साठच्या दशकात फ्रान्समध्ये रेनो कंपनीच्या पिएर बेझिए यांनी मोटारीच्या अंगाची वळणं गणितात बसवली. १९७७ मध्ये दासो या फ्रेंच विमान कंपनीनं कॅटिया हे सॉफ्टवेअर बनवायला घेतलं, १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं. वर्ध्याला त्याचा पत्ताही नव्हता. नव्वदीत संगणक आले, तेव्हाही मिनी ड्राफ्टरवर काढायच्या त्याच रेघा आम्ही पडद्यावर काढत होतो.

आमच्या कापसाच्या भागात या कामाची खरी धामधूम २००० नंतरची. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं. त्यातल्या चौथ्या मिनी मिशनमधून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागलं. टोपल्यांतून वाहिला जाणारा कापूस कन्व्हेयरवर आणि हवेच्या ओढीनं पाइपांतून जाऊ लागला. पाइप म्हटले की फाटे आले, बेंड आले, धूळ वेगळी करणारे सायक्लोन आले, आणि प्रत्येक ठिकाणी एक गोल दुसऱ्या गोलात घुसणार. तिथली रेघ चुकली की सांध्यातून हवा गळते, ओढ कमी पडते आणि कापूस वळणावर तुंबतो.

जुने पत्रेवाले ही रेघ हातानं काढायचे. पाइपचा घेर बारा भागांत वाटायचा, प्रत्येक भागातून लांबीला समांतर रेघ ओढायची, ती दुसऱ्या पाइपला कुठे भिडते ते बिंदू शोधायचे, ते जोडायचे आणि उलगडलेला आकार टेम्प्लेटवरून पत्र्यावर उतरवायचा. सारख्या व्यासाचे दोन पाइप काटकोनात मिळाले की बाजूनं पाहताना ही रेघ सरळ दिसते. उलगडली की तिची लाट होते. चौथी शिकलेल्या माणसांना हे पाठ होतं.

मग आमच्या पडद्यावर थ्रीडी सरफेस, म्हणजे जाडी नसलेले पृष्ठभाग, आले आणि ट्रिमनं सगळ्यांना वेड लावलं. ट्रिम म्हटलं की कात्री चालली असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काही कापलं जात नाही. मूळ सरफेस गणितात शाबूत राहतो. त्यावर छेदरेषा आखली जाते आणि तिच्यापलीकडचं दाखवायचं नाही, एवढंच ठरतं. म्हणून तर अनट्रिम करता येतं. ती छेदरेषाही तंतोतंत नसते. नेहमीच्या वापरातले दोन त्रिघाती सरफेस एकमेकांना छेदले की रेषेच्या समीकरणाचा घात ३२४ पर्यंत जातो. ते सोडवत न बसता सॉफ्टवेअर बिंदूमागून बिंदू शोधतं आणि ठरवून दिलेल्या टॉलरन्समध्ये, म्हणजे चालेल एवढ्या चुकीत, बसेल अशी जवळपासची रेघ जोडून देतं. एवढं ठाऊक असलं की ट्रिम का अडलं ते कळतं: एक सरफेस दुसऱ्याच्या आरपार गेलेलाच नसतो, दोघं नुसते घासून जातात, किंवा टॉलरन्स कामाच्या मापाला साजेसा नसतो. शिंपी शिवणीपलीकडे माया ठेवतो, तसा सरफेस छेदापलीकडे वाढवून ठेवायचा आणि मगच ट्रिम मारायचं.

पण हे सांगायची कुणाला गरज वाटली? कॉलेजात छेदाच्या शीटवर रेघेच्या जाडीसाठी मार्क कापले जायचे; ती रेघ पत्र्यावर कशाला लागते, हे एकाही मास्तरानं सांगितलं नाही. त्यांच्यावर कडी केली ती 'तीन महिन्यांत डिझाइन इंजिनिअर' अशा पाट्या लावणाऱ्या क्लासवाल्यांनी. त्यांनी छेदच वगळला, बटणं तेवढी शिकवली आणि सर्टिफिकेटं वाटली.

हुशार पोरं पुण्याला गेली. गोदरेजच्या घरातली, १९९४ ची जिओमेट्रिक तेव्हा जोरात होती. २००२ मध्ये तिनं दासोबरोबर थ्रीडी पीएलएम ही कंपनी काढली. जगभरचे डिझाइनर वापरतात त्या सॉफ्टवेअरचं काम आपल्याच राज्यात बसून होत होतं, याचा आम्हाला केवढा अभिमान! २०१७ मध्ये जिओमेट्रिक एचसीएलमध्ये गेली आणि ते नाव मिटलं.

ऑटोकॅडचं कायमचं नवं लायसन्स २०१६ पासून मिळत नाही, भाडं भरत राहावं लागतं. छोट्या फॅब्रिकेशनवाल्याला ते जड जातं. पत्रा आता लेझरवर कापतात. मशीनचा हात चुकत नाही, पण ड्रॉइंगमध्ये राहिलेली फटही ते तितक्याच इमानदारीनं कापतं. पुढे ती वेल्डरच्या गळ्यात पडते. तो रॉडवर रॉड जाळून ती बुजवतो आणि बिल मालकाला येतं.

सॉफ्टवेअरशी माझं भांडण नाही. त्यानं हजारो तासांची हमाली वाचवली. भांडण आहे ते न समजता दाबलेल्या बटणाशी. म्हणून पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या मास्तरांना एक विनंती: पहिल्या आठवड्यात संगणक लावू नका. पोरांना दोन सारखे पाइप कागदावर छेदू द्या, कार्डशीटचे कापून चिकटवू द्या. ज्याच्या सांध्यात उजेड दिसणार नाही, त्यालाच ट्रिमचं बटण दाखवा.