सर्व्हर पडला नाही, हाच घोटाळा

२०२० साली ‘मिल्की वे’ नावाच्या एका छोट्या स्टार्टअपने चाचणी म्हणून एक प्रोग्राम गूगलच्या क्लाउड रनवर चढवला. काम साधं होतं. वेबपानं उघडायची, मजकूर गोळा करायचा, फायरबेसच्या डेटाबेसमध्ये ठेवायचा. बजेट लावलं होतं ७ डॉलरचं. पण एका पानावरून दुसऱ्यावर जाताना प्रोग्राम परत मागे आणणारे दुवेही उघडत होता, त्यामुळे फेरा संपेचना. काही तासांत डेटाबेस ११६ अब्ज वेळा वाचला गेला आणि बिल झालं ७२ हजार डॉलर.

आमच्या धंद्यात हा किस्सा नव्या मुलांना चहाच्या टपरीवर सांगतात, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, “पण बजेट ७ डॉलरचं होतं ना?” होतं. बजेट म्हणजे इथे फक्त सूचना असते. रक्कम ओलांडली की ईमेल येतो, यंत्र थांबत नाही. त्यात खर्चाचे आकडे तासन्‌तास मागे चालतात, त्यामुळे ईमेल येतो तोवर बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो. खर्च आपोआप थांबवायचाच असेल तर गूगलच्या कागदपत्रांत उपाय आहे: बजेटची सूचना ऐकून बिलिंग खातं तोडणारं एक फंक्शन आपणच लिहायचं. सोबत इशाराही आहे, की यात तुमची सामग्री कायमची जाऊ शकते. मिल्की वेचं बिल गूगलने शेवटी माफ केलं. एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींची कमाल संख्या मूळच्या १००० ऐवजी २ ठेवली असती, तर ७२ हजारांचे १४४ डॉलर झाले असते, हा हिशेब मिल्की वेवाल्यांनीच नंतर जाहीरपणे मांडला.

पूर्वी भाड्याचा एक सर्व्हर असायचा. असलं वेडं चक्र सुरू झालं की मेमरी भरायची, सर्व्हर लटकायचा, रात्री दोनला कुणाची तरी झोप मोडायची. शिव्या बसायच्या, पण महिन्याचं भाडं तेवढंच राहायचं. तो पडणारा सर्व्हर म्हणजे घरातला फ्यूज होता. सर्व्हरलेसवाल्यांनी, म्हणजे क्लाउड रनसारख्या सेवांनी, तो काढून टाकला आणि जाहिरातीत नेमकं तेच वैशिष्ट्य म्हणून छापलं: कितीही गर्दी येऊ द्या, आम्ही पुरून उरू.

मग लिमिट नसतातच का? असतात की, भरपूर असतात. ॲमेझॉनच्या लॅम्डा या तशाच सेवेत एका खात्याला एका रीजनमध्ये, मुंबई धरून, एका वेळी फंक्शनच्या साधारण १००० प्रती चालवता येतात. नव्या खात्याला त्याहून कमी. पण ही लिमिट तुमच्या खिशाची काळजी करत नाही. एका गिऱ्हाइकाने सगळी यंत्रं अडवू नयेत म्हणून ती आहे. वर ती सगळ्या खात्यात सामाईक. सणाच्या सेलला फोटो लहान करणाऱ्या फंक्शनने हजारच्या हजार जागा बळकावल्या आणि पैसे घेणाऱ्या फंक्शनला ‘४२९’, म्हणजे ‘फार झाल्या विनंत्या’, असं उत्तर मिळत राहिलं, अशी संध्याकाळ या धंद्यातल्या पुष्कळांनी काढली आहे. त्यावर उतारा म्हणजे महत्त्वाच्या फंक्शनसाठी जागा राखून ठेवायच्या. हजारातल्या जास्तीत जास्त ९०० राखता येतात, १०० मोकळ्या सोडाव्याच लागतात.

राखीव आकडा शून्यही ठेवता येतो. मग ते फंक्शन जागच्या जागी थांबतं. लॅम्डाच्या पडद्यावरचं ‘थ्रॉटल’ बटण आतून एवढंच करतं. मुरलेला माणूस गडबडीत आधी ते बटण दाबतो, कोड वाचायला मग बसतो.

फोटोवरून आठवलं. बकेटमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या फाइल साठवायच्या जागेत, फोटो आला की फंक्शन जागं होतं, छोटी प्रत बनवतं आणि त्याच बकेटमध्ये टाकतं. म्हणजे बकेटमध्ये पुन्हा एक फोटो आला! ॲमेझॉनच्या कागदपत्रांत याबद्दल केव्हापासून बजावलेलं आहे आणि मुलं तरीही यात अडकतात. २०२३ मध्ये ॲमेझॉनने अशी चक्रं ओळखून साधारण १६ फेऱ्यांनंतर तोडायला सुरुवात केली. तेव्हा त्यात रांगा आणि निरोपांच्या सेवा होत्या, बकेटची पाळी नंतर आली. लॅम्डा जाहीर झालं २०१४ ला. मधली नऊ वर्षं ज्यांनी फेऱ्या मोजल्या, त्यांनी त्या बिलावर मोजल्या.

२०२४ चा किस्सा तर कडेलोट आहे. एका डेव्हलपरने प्रयोगासाठी रिकामी खासगी बकेट बनवली. दोन दिवसांनी बघतो तर बिल १३०० डॉलरच्या वर. एका दिवसात जवळपास १० कोटी विनंत्या आल्या होत्या, सगळ्या परक्यांच्या आणि सगळ्या नाकारलेल्या. झालं असं होतं, की एका लोकप्रिय मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपसाठी नमुना म्हणून जे बकेटचं नाव लिहिलं होतं, नेमकं तेच या गड्याने आपल्या बकेटला दिलं होतं. कुतूहल म्हणून त्याने अर्धा मिनिटही नाही इतका वेळ बकेट लिहिण्यासाठी खुली केली, तर लोकांचा १० जीबीहून जास्त डेटा आत येऊन पडला. दार बंद होतं, पण टकटक करणाऱ्याचे पैसे घरमालकाच्या नावावर पडत होते. बोभाटा झाल्यावर ॲमेझॉनने त्याचं बिल रद्द केलं आणि मे २०२४ मध्ये नियम बदलला. अशा नाकारलेल्या विनंत्यांचे पैसे आता लागत नाहीत.

एपीआय कीचं मात्र उलट आहे. तिथे पैसे बुडवायला परका माणूस अधिकृत किल्ली घेऊनच येतो. कुणीतरी कोडमध्ये किल्ली लिहितो, चूक कळल्यावर पुढच्या कमिटमध्ये खोडतो आणि निर्धास्त होतो. गिटच्या इतिहासात ती तशीच पडलेली असते. ॲमेझॉनची कायमस्वरूपी किल्ली ‘एकेआयए’ या अक्षरांनी सुरू होते, त्यामुळे तिच्या शोधात फिरणाऱ्या बॉटना फारसे कष्ट पडत नाहीत. पण हीच ओळख पहारेकऱ्यांच्याही कामी येते. २०२१ मध्ये गिटहबने आपल्या टोकनचं रूप मुद्दाम बदललं. सुरुवातीला ठराविक अक्षरं, मग अंडरस्कोर, शेवटच्या सहा जागांत पडताळणीचा आकडा. डॅशऐवजी अंडरस्कोर घेतला, कारण डबल-क्लिक केल्यावर सगळं टोकन एकदम निवडलं जातं. मला या धंद्यातली अशी बारीक कारागिरी भाषणांतल्या मोठ्या शब्दांपेक्षा जास्त आवडते.

उघड्यावर पडलेली किल्ली सापडली तर ॲमेझॉन काय करतं? रद्द करत नाही. तिच्या मालकावर एक क्वारंटाइन पॉलिसी चिकटवतं, काही धोकादायक कामं अडवतं आणि तुम्हाला कळवतं. किल्ली मारली तर तुमचं चालू दुकान बंद पडेल, ही भीती त्यांनाही आहे.

ती भीती प्रत्येक ऑफिसात असते. पुण्यातल्या एका कंपनीत पाहिलेलं सांगतो. ‘टेस्ट-२-फायनल’ नावाची जुनी ॲक्सेस की होती. कुणाची, कशासाठी, कुणालाच माहीत नाही. बनवणारा नोकरी सोडून गेलेला. नवा मुलगा उत्साहाने म्हणाला, “सर, डिलीट करतो.” सर म्हणाले, “डिलीट नको रे, इनॅक्टिव्ह कर. बघू बोंब कोण मारतं.” याला धंद्यात खरोखरच ‘स्क्रीम टेस्ट’ म्हणतात. इनॅक्टिव्ह केलेली किल्ली एका क्लिकवर पुन्हा चालू होते, डिलीट केलेली कायमची गेली. एका यूजरला ॲमेझॉन दोन किल्ल्या देतं, तेही याचसाठी: नवी बनवा, सगळीकडे बसवा, जुनी शेवटची कधी वापरली ते पाहा आणि मग ती बंद करा.

दोन आठवडे शांतता. मुलाने पुन्हा विचारलं, “आता?” सर म्हणाले, “महिनाअखेर जाऊ दे.” एक तारखेला सकाळी अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन आला, जीएसटीच्या रिपोर्टची फाइल आज आलीच नाही म्हणून. मुलाने किल्ली चालू केली, फाइल गेली. मग तो रिपोर्ट कुठल्या मशीनवरून निघतो याचा शोध सुरू झाला. ते सापडलं सहाव्या मजल्यावर, प्रिंटरच्या मागे.